बीबी ते अनुराधपूर : एकट्याने श्रीलंकेला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी

श्रीलंकेला जायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कोणत्या टूरबरोबर?" दीक्षाभूमी असो, चैत्यभूमी असो की बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, आपण गाडी करून, समूहाने जातो. त्यात गैर काही नाही. पण लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावातला एखादा बौद्ध तरुण किंवा तरुणी आठ-दहा दिवसांची सुट्टी काढून, कोणाच्याही मागे न लागता, एका बेटावर एकटी जाऊन फिरून येऊ शकते, ही गोष्ट अजून घरच्यांच्या पचनी पडत नाही. "एकट्याने कशाला?", "तिथे आपले कोण आहे?", "फिरण्यात एवढे पैसे घालवायचे?" हे प्रश्न ठरलेले असतात.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाच्या वेशीबाहेर राहावे लागले, त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या मर्जीने समुद्र ओलांडणे ही चैन नाही. तो हक्क आहे. मात्र जायचे तर नीट माहिती घेऊन आणि डोळे उघडे ठेवून जावे. त्यासाठी हा लेख.

एकट्याचा प्रवास आपल्या परंपरेत जुना आहे

तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना धम्मप्रचारासाठी पाठवले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे बजावले होते. म्हणजे एकट्याने वाट चालणे हे धम्माच्या पहिल्या दिवसांपासूनचे आहे.

श्रीलंकेपुरते बोलायचे तर चिनी भिक्खू फाहियान यांचे उदाहरण मोठे आहे. इ.स. ३९९ मध्ये ते सोबत्यांसह चीनहून निघाले. वाटेत काही परतले, काही वारले, एक जण भारतातच राहिला. ताम्रलिप्तीहून जहाजाने ते सिंहलद्वीपात पोहोचले तेव्हा एकटे होते. तिथे त्यांनी दोन वर्षे राहून ग्रंथ मिळवले. अनुराधपुरातल्या अभयगिरी विहारात बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने अर्पण केलेला चिनी रेशमी पंखा दिसला आणि देशाच्या आठवणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्यांच्या प्रवासवृत्तांतात आहे. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी घराची आठवण येऊन रडू आले तर लाजू नका. घरी फोन करा, जेवा, झोपा. सकाळी बरे वाटते.

बाबासाहेबांची १९५० ची भेट

मे १९५० मध्ये बाबासाहेब आणि माईसाहेब आंबेडकर कोलंबोला गेले. निमित्त होते जागतिक बौद्ध बंधुत्व संघाच्या पहिल्या परिषदेचे. हा संघ डॉ. जी. पी. मललसेकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाला आणि त्याची स्थापना कँडीच्या दंतधातू मंदिरात झाली. बाबासाहेब तिथे भाविक म्हणून हात जोडून परतले नाहीत. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्ष कसा पाळला जातो, विधी कसे होतात, धम्म जिवंत आहे की नुसता सवयीचा आहे, हे त्यांना पाहायचे होते. दीक्षेच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

नाते दुसऱ्या बाजूनेही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या सोहळ्याला महाबोधी सोसायटीचे सरचिटणीस देवप्रिय वलिसिंह उपस्थित होते. ते सिंहली. ही सोसायटी अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ साली कोलंबोत स्थापन केली. आपल्या विहारांवर फडकणारा पंचरंगी धम्मध्वजही कोलंबोतच तयार झाला आणि १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदा तिथे उभारला गेला. "तिथे आपले कोण आहे?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

कागदपत्रे

पासपोर्ट : अर्ज ऑनलाइन भरायचा, वेळ घ्यायची आणि दिलेल्या दिवशी पासपोर्ट सेवा केंद्रात मूळ कागद घेऊन जायचे. बुलढाणा जिल्हा नागपूर विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आणि मुदत १० वर्षे. पोलीस पडताळणी स्थानिक ठाण्यामार्फत होते. आपल्याकडे अर्ज अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नाव. आधारवर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, आडनावाचे स्पेलिंग तिसरे. हे आधी दुरुस्त करून घ्या. दहावी उत्तीर्ण असाल तर गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र जोडा. पुढे नोकरीसाठी आखाती देशात जायची वेळ आली तर त्याचा उपयोग होतो.

प्रवास परवाना : भारतीयांना श्रीलंकेसाठी ईटीए हा ऑनलाइन परवाना लागतो. तो साधारण ३० दिवसांचा असतो. त्याची फी आणि सवलती गेल्या काही वर्षांत वारंवार बदलल्या आहेत. म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. त्याच नावाशी मिळतीजुळती दलालांची संकेतस्थळे जास्त पैसे घेतात.

विमानतळावर : पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या एकट्या तरुणाला इमिग्रेशनचा अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारतो. परतीचे तिकीट, पहिल्या दोन-तीन रात्रींचे बुकिंग, ईटीए आणि पैशांची सोय यांच्या छापील प्रती हातात ठेवा. "फिरायला चाललो आहे" हे सरळ उत्तर पुरेसे असते.

बीबीहून कोलंबो

मुंबईमार्गे : बीबीहून सिंदखेडराजामार्गे जालना गाठायचे. तिथून देवगिरी एक्स्प्रेस किंवा वंदे भारतने मुंबई. मुंबई ते कोलंबो विमान साधारण अडीच तासांत पोहोचते.

चेन्नईमार्गे : मेहकरमार्गे अकोला, तिथून नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई. चेन्नई ते कोलंबो विमान साधारण दीड तासाचे. वेळ जास्त लागतो, पण अनेकदा विमानाचे तिकीट स्वस्त पडते.

जहाजाने : तमिळनाडूतील नागपट्टिनम ते जाफन्याजवळचे कांकेसंतुरै ही प्रवासी बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. हवामानामुळे ती मधूनमधून बंद असते, त्यामुळे परतीची विमानाची तारीख तिच्या भरवशावर ठरवू नका.

विमानतळ कोलंबो शहरात नाही. तो तीसेक किलोमीटर उत्तरेला कटुनायके इथे, निगोंबो गावाजवळ आहे. रात्री उतरत असाल तर पहिला मुक्काम निगोंबोतच करा. घड्याळ बदलायची गरज नाही, दोन्ही देशांची वेळ एकच आहे.

कधी जावे

बेट छोटे असले तरी पाऊस दोन वेगवेगळ्या मोसमांत येतो. मे ते सप्टेंबर पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर पावसाळा असतो, तेव्हा पूर्वेकडचे त्रिंकोमाली चांगले. डिसेंबर ते मार्च दक्षिण किनारा उत्तम आणि समुद्र शांत. आपल्या भागातल्या तरुणाला हाच काळ सोयीचा, कारण सोयाबीन घरात येऊन विकलेले असते.

प्रत्येक पौर्णिमेला तिथे सरकारी सुट्टी असते. तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूविक्री बंद असते आणि विहारांत पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबे दिवसभर बसलेली दिसतात. वेसाकला, म्हणजे वैशाख पौर्णिमेला, घरोघरी कागदी आकाशकंदील लागतात आणि रस्त्यावर 'दन्सल' म्हणजे मोफत अन्नदानाचे मांडव उभे राहतात. जूनमधली पोसोन पौर्णिमा महिंद थेरांच्या आगमनाची. या दिवसांत गेलात तर मुक्काम खूप आधी ठरवा.

दहा दिवसांचा मार्ग

पहिला दिवस : निगोंबो किंवा कोलंबो. कोलंबोजवळचा केलनिया विहार पाहावा.

दुसरा-तिसरा दिवस : कोलंबो फोर्ट स्थानकाहून रेल्वेने अनुराधपूर. हजार वर्षांहून अधिक काळ ही राजधानी होती. संघमित्रा थेरींनी आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला जय श्री महाबोधी इथे आहे. माणसाने लावलेल्या आणि लागवडीची नोंद असलेल्या झाडांत तो जगातला सर्वांत जुना मानला जातो. शेजारी रुवनवेलिसाय स्तूप. जेतवन स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच. त्या काळी गिझाच्या दोन पिरॅमिडनंतर जगातली सर्वांत उंच वास्तू. अवशेष दूरदूर पसरलेले आहेत. सायकल भाड्याने घ्या.

चौथा दिवस : मिहिंतले. अनुराधपूरहून तेरा किलोमीटर. अशोकपुत्र महिंद आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट इथे झाली. पायऱ्या १८४० सांगतात. पहाटे चढा. दुपारी बसने दंबुल्ला.

पाचवा दिवस : दंबुल्लाची पाच गुंफामंदिरे. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्यांना इथली रंगवलेली छते वेगळी वाटतील. जवळच सिगिरिया हा पाचव्या शतकातला राजा कश्यपाचा खडक. त्याचे तिकीट महाग आहे. पैसे वाचवायचे असतील तर समोरचा पिदुरंगल खडक चढा. तिथे शयनबुद्धाची विटांत घडवलेली मूर्ती आहे आणि वरून सिगिरिया पूर्ण दिसते.

सहावा-सातवा दिवस : दंबुल्ला-कँडी रस्त्यावर, मातलेच्या अलीकडे अलुविहार लागतो. इथे थांबाच. तोवर मुखोद्गत असलेले तिपिटक इ.स.पूर्व पहिल्या शतकात इथे ताडपत्रांवर लिहिले गेले, अशी परंपरा आहे. शिक्षणासाठी झगडलेल्या समाजाला या जागेचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे कँडी, दंतधातू मंदिर. ध्यानात रस असेल तर कँडीजवळचे निलंबे केंद्र आहे. तिथे काही दिवस राहता येते, पण आधी कळवावे लागते.

आठवा-नववा दिवस : समुद्र. मोसमाप्रमाणे उनवटुना, मिरिस्सा किंवा त्रिंकोमालीजवळचे निलावेली. या दोन दिवसांत काहीच 'पाहू' नका. वाचा, झोपा, वाळूत बसा. सुट्टी यासाठीच घेतली आहे.

दहावा दिवस : परत.

पैसे आणि रोजचे व्यवहार

२०२५ मध्ये एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळत होते. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय चालते, पण सगळीकडे नाही. निघण्यापूर्वी ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून घ्या आणि बस, टपरी, छोटे गेस्ट हाऊस यांसाठी रोख ठेवा. सिमकार्ड विमानतळावरच डायलॉग किंवा मोबिटेलचे घ्या. रिक्षासाठी पिकमी ॲप वापरले तर घासाघीस टळते. सार्क देशांच्या नागरिकांना मोठ्या पुरातत्त्व स्थळांच्या तिकिटात सवलत मिळत आली आहे, त्यासाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो.

जेवण म्हणजे भात आणि चार-पाच कालवणे. नारळ भरपूर. भाकरी मिळणार नाही, पण 'पोल संबोल' ही ओल्या नारळाची तिखट चटणी आपल्या जिभेला लगेच आवडते. मासे नको असतील तर आधी सांगा, कारण भाजीतही सुकट घालतात.

नमस्काराला सिंहलीत 'आयुबोवन', आभाराला 'स्तुती'. तमिळ भागात 'वणक्कम' आणि 'नंद्री'. त्रिशरण-पंचशील मात्र पाली भाषेतच, आपलेच. चाल वेगळी असते, शब्द तेच. अनोळखी विहारात संध्याकाळच्या वंदनेत मागे बसून सूर मिळवला की परकेपणा संपतो.

पोलिसांसाठी ११९, रुग्णवाहिकेसाठी १९९०. भारताचे उच्चायुक्त कार्यालय कोलंबोत असून कँडी आणि जाफन्यातही भारतीय कार्यालये आहेत. प्रवास विमा काढा. देश २०१६ पासून मलेरियामुक्त आहे, डेंग्यू मात्र आहे.

विहारात आणि टॅटूबाबत

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, शक्यतो पांढरे कपडे. पादत्राणे आणि टोपी बाहेर. दुपारी दगड तापतात, म्हणून जाड मोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो किंवा सेल्फी काढू नका, तो अवमान समजला जातो.

आपल्या तरुणांनी विशेष लक्षात ठेवावे ते टॅटूचे. आपल्याकडे दंडावर तथागतांचे चित्र गोंदवणे अभिमानाचे मानतात. तिथे तसे मानत नाहीत. २०१४ मध्ये एका ब्रिटिश पर्यटक महिलेला दंडावरच्या बुद्धाच्या टॅटूमुळे अटक करून परत पाठवले गेले. पुढे २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली, पण तिची सहल तर गेलीच. तुमच्या अंगावर असा टॅटू असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. बुद्धाचे चित्र असलेला टी-शर्टही घरीच ठेवा.

समुद्र म्हणजे विहीर नव्हे

विहिरीत आणि धरणात पोहणारी आपली मुले पाण्याला भीत नाहीत, आणि तिथेच घात होतो. लाट किनाऱ्याकडे येते, पण काही ठिकाणी पाण्याचा जोरदार ओढा माणसाला आत नेतो. लाल बावटा असेल तिथे उतरू नका. ओढ्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची झटापट करू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहून ओढ्याबाहेर या, मग परत फिरा. एकटे असाल तर जिथे जीवरक्षक आणि इतर पोहणारे आहेत तिथेच उतरा.

एकट्या मुलीने

मुली एकट्याने श्रीलंका फिरतात आणि सुखरूप येतात. काळजी घ्यायची ती आपल्याकडे घेतो तशीच. गर्दीच्या बसमध्ये त्रास होऊ शकतो, म्हणून लांबच्या प्रवासाला रेल्वेचे आरक्षण करा. कुटुंब राहते असे गेस्ट हाऊस निवडा आणि महिला प्रवाशांचे अभिप्राय वाचा. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर एकटे थांबू नका. घरच्या एका माणसाला रोजचा मुक्काम कळवा.

आणि एक लक्षात ठेवा, या बेटावर बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली ती एक स्त्री, आणि इथला भिक्खुणी संघ तिनेच सुरू केला. तो अकराव्या शतकाच्या सुमारास लोप पावला. १९९८ मध्ये दंबुल्लात पुन्हा उपसंपदा झाल्या, तरी मोठ्या निकायांनी भिक्खुणींना अजून पूर्ण मान्यता दिलेली नाही.

डोळे उघडे ठेवून

बौद्ध देश म्हणजे जातमुक्त देश, अशा समजुतीने गेलात तर धक्का बसेल. कँडीत १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायाची उपसंपदा गोविगम या वरच्या मानलेल्या जातीपुरती राखली गेली. दंतधातू मंदिराची धार्मिक जबाबदारी याच निकायाच्या मल्वत्त आणि अस्गिरिय शाखांच्या प्रमुखांकडे आहे. ज्यांना चीवर नाकारले गेले, ते गप्प बसले नाहीत. सलागम जातीतले अंबगहपिटिये ज्ञानविमल १७९९ मध्ये समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन अमरपूर निकाय उभा केला. पुढे त्याच्याही जातीनुसार शाखा झाल्या. ही कहाणी आपल्याला ओळखीची वाटते.

चहाच्या मळ्यांचे फोटो सगळेच काढतात. त्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून नेले गेले, त्यांत दलित जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या लाखोंना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. हा प्रश्न सुटायला काही दशके लागली.

उत्तरेकडे गेलात तर जाफन्याचे सार्वजनिक वाचनालय पाहा. १९८१ मध्ये ते जाळले गेले, हजारो पुस्तके आणि हस्तलिखिते राख झाली. १९८३ ते २००९ असे यादवी युद्ध चालले. आपल्यासाठी पंचरंगी ध्वज मुक्तीची खूण आहे. ज्याने युद्धात घर गमावले अशा तमिळ माणसाला तो बहुसंख्याकांच्या सत्तेची खूण वाटू शकतो. तिथे वाद घालू नका, जयघोष करू नका. ऐका.

हे वाचून जाऊ नये असे वाटण्याचे कारण नाही. उलट म्हणूनच जावे. बाबासाहेबांनी पारंपरिक बौद्ध देश पाहिले, त्यातले घेण्यासारखे घेतले आणि आपल्याला धम्म दिला तो समतेच्या पायावर. त्या निर्णयाचे वजन अनुराधपुरात आणि कँडीत उभे राहिल्यावर जास्त कळते.

पासपोर्ट नसेल तर

अंदमानला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही. चेन्नईहून विमानाने श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), पुढे सरकारी बोटीने स्वराज द्वीप किंवा शहीद द्वीप. एकट्याच्या पहिल्या समुद्रप्रवासाला हे बेट सोपे आहे. एवढेही जमत नसेल तर मुंबईला गेल्यावर एक दिवस घारापुरीला द्या. गेट वे ऑफ इंडियाहून बोटीने तासाभरात पोहोचता येते, सोमवारी लेणी बंद असतात. सगळे जण शैव लेणी पाहून परततात. पण पूर्वेकडच्या टेकडीवर प्राचीन विटांचा बौद्ध स्तूप आहे, तो पाहून या.

जाण्याआधी घरात

आईवडिलांना न सांगता जाऊ नका, आणि कर्ज काढूनही जाऊ नका. दर महिन्याला थोडे बाजूला टाका, वर्ष-दीड वर्ष लागले तरी चालेल. मुक्कामांची यादी, तिकिटांच्या प्रती आणि दोन फोन नंबर घरच्यांच्या हातात द्या. परत आल्यावर विहारात एका रविवारी मुलांना बसवा, फोटो दाखवा, खर्चाचा हिशेबही दाखवा. पुढच्या वर्षी गावातून आणखी एक जण अर्ज भरेल, कदाचित एखादी मुलगी.

नमो बुद्धाय, जय भीम.